यंत्र पाचशे अंड्यांचं, पण आठवड्याची अंडी सत्तर

ताई,

सांगोला तालुक्यातून तुम्ही विचारलंय की दीड लाखाची एफडी मोडून पाचशे अंड्यांचं उबवणी यंत्र आणि इन्व्हर्टर घेऊ का. दोन्हीचे मिळून ७० हजार. घरी पंचवीस सुधारित गावरान कोंबड्या आहेत. कमी पडतील ती अंडी १५ रुपयांनी आणायची आणि एक दिवसाचं पिल्लू ४० रुपयांना विकायचं. तुमच्या वहीत पाचशे पिल्लांचे २० हजार, त्यातून अंड्यांचे ७,५०० वजा, म्हणजे एका लॉटमागे १२,५०० शिल्लक.

एफडी मोडू नका. धंदा जरूर करा, पण लहान यंत्रावर.

पाचशे अंड्यांतून पाचशे पिल्लं कधीच निघत नाहीत. शंभरातली पंधरा फलित नाहीत असं धरा. उरलेल्यांपैकी पाचातलं एक अंडं उबत नाही. राहिली ३४० पिल्लं. त्यांचे १३,६०० येतील. अंडी, लाईट आणि मरेक्स या कोंबड्यांच्या रोगावरची लस वजा केली की हातात ४,३०० च्या आसपास उरतात. २२५ च्या खाली पिल्लं आली, तर खिशातले जातात. आणि घरची अंडीही फुकट धरू नका. ती खायला विकली असती तर जे मिळालं असतं, तो तुमचा खर्चच.

खरी अडचण अंड्यांची आहे. उबवायचं अंडं आठवड्यापेक्षा जुनं नसावं आणि तोवर ते गार जागी, १५ ते १८ अंशांत राहावं. तुमच्याकडे चैत्र-वैशाखात घरातच ३८ अंश असतात. त्या उन्हाळ्यात अंड्यातला जीव यंत्राबाहेरच वाढू लागतो, अशक्त होतो आणि मरतो. गटारीला विकायचा गावरान पक्षी तयार व्हायला साडेतीन-चार महिने लागतात, म्हणून पिल्लांना सर्वात जास्त मागणी नेमकी याच दिवसांत असते. आठवड्यात पाचशे ताजी अंडी हवीत, म्हणजे रोजची सत्तर. त्यासाठी अंड्यावरच्या दीडशे-एकशे साठ कोंबड्या लागतील, दर दहांमागे एक कोंबडा वेगळा. तुमच्या पंचवीस कोंबड्या दिवसाला दहा-अकरा देतात. त्या मापाला शंभर अंड्यांचं यंत्र पुरतं, आणि बॅटरीसह त्याचा भाव तुम्हीच १८ हजार कळवलाय.

तेवढे तुमच्या बचत खात्यात आहेत. घरखर्च महिना १८ हजार, मालकांची कमाई टेम्पोवर. टेम्पो दोन महिने उभा राहिला तर घर एफडीवरच चालणार. सहा महिन्यांचे १,०८,००० तिथून हलवायचे नाहीत.

विक्रेत्याने अनुदानाचं सांगितलंय. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के, कमाल २५ लाख मिळतात हे खरं, पण त्यासाठी किमान हजार पॅरेंट कोंबड्यांचा, म्हणजे उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा कळप लागतो. तुमच्या हिशोबात ते धरू नका.

माझ्या ओळखीतल्या एका घरी एकोणिसाव्या दिवशी रात्री लाईट गेली. काळजीपोटी त्यांनी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहिलं. चोचीने भोक पाडलेली अंडी तशीच राहिली आणि आतला पापुद्रा वाळून पिल्लांना चिकटला. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, ओलावा ६५-७० टक्के ठेवायचा आणि झाकण बंद ठेवायचं. हे हात बसायला दोन-तीन लॉट जातातच, आणि ते शंभर अंड्यांवर गेलेले बरे.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून प्रत्येक अंड्यामागे टॉर्च धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं चालू आहे. कोरं दिसलं तर बाहेर काढा. चालू किती, कोरी किती, शेवटी पिल्लं किती आणि विकली किती, हे वहीत उतरवा. सलग तीन लॉटमध्ये शंभर अंड्यांमागे ६५ च्या वर पिल्लं आली आणि गिऱ्हाईक आगाऊ पैसे देऊ लागलं, तर कोंबड्या वाढवायचा विचार करू. मोठं यंत्र त्यानंतर. तेव्हाही एफडीतले वरचे ४२ हजारच.