भिशी बुडालेल्या गल्लीत बचत गट काढायचाय

पुण्यातल्या एका वस्तीत राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचं म्हणणं असं होतं: "गल्लीतल्या बायकांचा बचत गट काढायचं मनात आहे. पण दोन वर्षांपूर्वी इथंच भिशी बुडाली. चालवणारी वहिनी माझ्या समोरच्या खोलीत राहते, निम्मी गल्ली अजून तिच्याशी बोलत नाही. उद्या माझ्या गटात कुणाचं थकलं तर ते मला भरावं लागेल का? आणि जिच्याकडे महिनाअखेरीला शंभर रुपये उरत नाहीत, तिनं बचत करायची तरी कशातून?"

वस्तीत गटाचा विषय निघाला की हे प्रश्न येतातच. "काही होत नाही, हिंमत करा" असं म्हणून ते झटकणं चुकीचं आहे, कारण भीती खऱ्या अनुभवातून आलेली असते. म्हणून बचत गटांचं काम करणाऱ्या आमची ताईंशी पहिली बैठक झाली ती फक्त भिशी कशी बुडाली हे समजून घ्यायला.

पंधरा जणींची, महिना हजाराची भिशी होती. तिसऱ्या महिन्यात चिठ्ठी लागून पंधरा हजार उचललेल्या एकीनं सहाव्या महिन्यापासून पैसे देणं थांबवलं. चालवणाऱ्या वहिनींनी हे कुणालाच सांगितलं नाही. तीन महिने पदरचे हजार घालून त्यांनी रक्कम पुरी केली. त्यांच्याजवळचे संपल्यावर गोष्ट फुटली आणि ज्यांना भिशी आधीच लागली होती त्यांनीही एकेक करून हात आखडता घेतला. शेवटच्या तिघींच्या वाट्याला काही आलं नाही. कुठं काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही आधार नव्हता.

वहिनींनी पैसे खाल्ले नव्हते. त्यांनी थकबाकी लपवली, आणि ती लपवता येईल अशीच भिशीची रचना होती. सगळा हिशेब एकीच्या डोक्यात, सगळे पैसे एकीच्या हातात, आणि जिचा नंबर शेवटी तिच्या माथी सगळी जोखीम. बचत गटात एकदम पंधरा हजार एकीच्या हाती जात नाहीत. प्रत्येकीची बचत तिच्या नावावर राहते, कर्जाला मर्यादा असते आणि हप्ता चुकला तर त्याच बैठकीत सगळ्यांना कळतं. हा फरक ताईंनी गल्लीत समजावून सांगणं गरजेचं होतं, नाहीतर गट म्हणजे नवी भिशी असंच बायका धरून चालल्या असत्या.

दुसरा गोंधळ मायक्रोफायनान्सचा. वस्तीत "गट" म्हटलं की अनेकींना कंपनीचं ग्रुप लोन आठवतं: आधी कर्ज, मग आठवड्याचा हप्ता, आणि एकीनं चुकवला की बाकीच्यांनी भरायचा. "मला भरावं लागेल का" हा प्रश्न तिथूनच आला होता. उत्तर सरळ दिलं. स्वतःच्या बचतीतून दिलेलं कर्ज थकलं तर कुणालाही खिशातून भरावं लागत नाही, मात्र तो तोटा गटाच्या पैशाला, म्हणजे सगळ्यांनाच बसतो. बँकेचं कर्ज घेतलं तर कर्जदार हा गट असतो आणि जबाबदारी सगळ्यांची मिळून असते. म्हणून बँकेच्या कर्जाचं नाव पहिल्या वर्षी काढूच नये असं आमचं मत आहे. सहा महिने नीट चाललेला गट बँकेकडे कर्ज मागू शकतो हे खरं, पण मागता येतं म्हणून मागायलाच हवं असं नाही.

गट दहा ते वीस जणींचा असतो. बारा-तेरा सोयीच्या पडतात: दोघी-तिघी गैरहजर राहिल्या तरी बैठक होते, आणि एका खोलीत सगळ्या मावतात. एका घरातून एकच सभासद, म्हणजे सासू-सून दोघी नकोत. दुसऱ्या गटात आधीच असलेली नको. ताईंनी आधी चौदा जणींना विचारलं, बारा तयार झाल्या. त्यात पाच घरकाम करणाऱ्या, तीन भाजी विकणाऱ्या, दोघी बांधकामावर जाणाऱ्या, एक शिवणकाम करणारी आणि एक कचरा वेचणारी मावशी होत्या.

सगळ्यात जास्त वेळ बचतीच्या रकमेवर गेला, आणि जायलाच हवा होता. काही जणींना महिन्याला पाचशे सहज जमत होते. कचरा वेचणाऱ्या मावशींना पावसाळ्यात दोनशेच्या वर जड. अशा वेळी सरासरी काढून तीनशे ठरवले की सगळ्यात गरीब बाई तिसऱ्या महिन्यात मागे पडते, चौथ्यात लाजेनं येत नाही आणि पाचव्यात गट सोडते. जिच्यासाठी गट काढला तीच बाहेर! म्हणून रक्कम तिच्याकडे बघूनच ठरवायची. आठवड्याला पन्नास रुपये ठरले. बाकीच्यांना जास्त टाकायचे होते, पण पहिलं वर्ष सगळ्यांची बचत सारखी ठेवावी. हिशेब सोपा राहतो आणि जास्त पैसे भरणारीचा आवाज मोठा होत नाही.

पैसे हातात कधी येतात हे प्रत्येकीचं वेगळं. घरकामाचा पगार एक ते दहा तारखेच्या दरम्यान, बांधकामाचा आठवड्याला, भाजीचे रोज. महिन्याला एकदा दोनशे म्हटलं तर रोज कमावणारीकडून ते साठत नाहीत, मधेच खर्च होतात. म्हणून बैठक दर रविवारी दुपारी चार वाजता ठेवली आणि घरकाम करणाऱ्यांना चार आठवड्यांचे दोनशे एकदम आगाऊ भरायची मुभा दिली. पासबुकात मात्र चारही आठवडे वेगवेगळे लिहायचे, नाहीतर पुढच्या महिन्यात "मी भरले होते की नाही" यावरून वाद होतो.

नियम एका कागदावर, बारा सह्या-अंगठ्यांसह. त्यात फार काही नसतं: बैठकीचा वार-वेळ, बचत, न सांगता गैरहजर राहिल्यास दहा रुपये दंड, आजारपण किंवा मयतीला दंड नाही, कर्जाची मर्यादा, व्याज, गट सोडताना काय मिळणार. दंड मोठा ठेवायचा मोह होतो. पन्नासच्या बचतीवर पन्नास दंड लावला की पैसे नसलेली बाई बैठकीला यायचंच टाळते.

बैठकीचा क्रम ठरलेला असावा. हजेरी, मागचं इतिवृत्त वाचणं, मग एकेकीचं नाव पुकारून बचत आणि हप्ता. पैसे मधे सतरंजीवर ठेवायचे आणि कोषाध्यक्ष सोडून दुसऱ्या दोघींनी मोठ्यानं मोजायचे. त्यानंतर कर्जाच्या मागण्या, ठराव, वाटप, आणि उरलेली रक्कम पुन्हा मोजणं. शेवटी "आज किती शिल्लक?" असं विचारायचं आणि सगळ्यांनी आकडा म्हणायचा. पुढच्या रविवारी वही उघडायच्या आधी तोच आकडा पुन्हा विचारायचा. ज्यांना वाचता येत नाही त्या मावशींच्या हातात हिशेब ठेवण्याचा याहून पक्का उपाय आमच्या माहितीत नाही. इतिवृत्त, रोजकीर्द म्हणजे त्या-त्या दिवसाच्या जमा-खर्चाची वही, बचत-कर्जाची खातेवही आणि प्रत्येकीचं पासबुक एवढं लिखाण पुरतं. ते लिहायला कुणाच्या दहावीतल्या मुलीची मदत घ्यायला हरकत नाही. नोंदी बैठकीतच, सगळ्यांसमोर व्हाव्यात, "घरी जाऊन लिहिते" चालू देऊ नये.

गट बुडतात ते मोठ्या अफरातफरीनं क्वचितच. बहुतेक वेळा कोषाध्यक्षेच्या डब्यात पैसे पडून असतात, घरात अडचण येते आणि "दोनच दिवसांसाठी" म्हणून त्यातले उचलले जातात. तिची नियत चांगली असते, पण पैसे समोर असतात. म्हणून घरी पाचशेपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत आणि बाकीचे सोमवारी दोघींनी जाऊन बँकेत भरायचे, स्लिपचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. आणखी एक कडक नियम: नळावर, दुकानात, जिन्यात कुणी कोषाध्यक्षेच्या हातात पैसे द्यायचे नाहीत. तिनं घेतलेले पन्नास ती विसरते, देणारी विसरत नाही.

बँकेचं खातं गटाच्या नावानं काढायचं. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघींच्या सहीनं व्यवहार, असा ठराव, शिक्का, नियमांची प्रत आणि तिघींची कागदपत्रं लागतात. शाखेत बाराही जणींचं केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची कागदपत्रं, मागितलं आणि ताईंचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांचं केवायसी पुरतं, बाकीच्यांचं कर्जाच्या वेळी घेता येतं. हे नम्रपणे, लेखी अर्जात लिहून द्यावं. गटाची नोंद महापालिकेच्या समाज विकास विभागात करता येते, खेडेगावात हेच काम सरकारच्या उमेद अभियानाच्या ताई करून देतात.

आठ आठवड्यांनी गटाकडे ४,८०० रुपये जमले आणि मागण्या सुरू झाल्या. जून होता: वह्या-पुस्तकं, छपराला ताडपत्री. नियमानं कर्ज स्वतःच्या बचतीच्या तिप्पट, म्हणजे प्रत्येकीला ४०० वर जास्तीत जास्त १,२०० आणि हजारएक रुपये आजारपणासाठी शिल्लक. तिघींना १,२०० प्रमाणे ३,६०० दिले, १,२०० उरले. पहिल्या फेरीत पदाधिकाऱ्यांनी कर्ज घ्यायचं नाही असं ठरलं होतं. कोषाध्यक्षेलाही तेव्हा गरज होती, तरी ती थांबली, आणि गल्लीत त्याचा चांगला बोलबाला झाला.

व्याज महिना शेकडा दोन, पण उरलेल्या मुद्दलावर. हे आवर्जून समजावावं लागतं. १,२०० चे तीनशेचे चार हप्ते केले तर व्याज २४, १८, १२ आणि ६, एकूण साठ रुपये. पहिल्या मुद्दलावरच धरत राहिलं तर ९६ होतात, आणि बऱ्याच गटांत नकळत असंच चालतं. शेकडा दहानं उसने देणाऱ्याकडे हेच १,२०० घेतले तर महिन्याला १२० नुसतं व्याज, चार महिन्यांत ४८० जातात आणि मुद्दल तिथल्या तिथं. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर "दोन टक्के कशाला, आपल्याच बायका तर आहेत" असं म्हणणाऱ्या गप्प झाल्या. तो साठ रुपयांचा पैसा गटातच राहतो हेही त्यांच्या लक्षात आलं.

पाचव्या महिन्यात एकीचे दोन हप्ते चुकले. नवऱ्याचं काम सुटलं होतं. दोघी-तिघींचं म्हणणं, संध्याकाळी सगळ्या मिळून तिच्या दारात जाऊ. कंपनीची माणसं तसंच करतात ना! इथं आम्ही स्पष्ट नाही म्हटलं. दारात जाऊन बसलं की पैसे कदाचित येतात, पण ती बाई पुन्हा सतरंजीवर बसत नाही आणि तिची अवस्था बघून दुसरी कर्जच मागत नाही. पैशाचा विषय बैठकीतच काढायचा, नळावर एक शब्द नाही. अध्यक्षांनी आदल्या दिवशी एकट्यानं भेटून इतकंच म्हणायचं होतं: "रविवारी ये. हप्ता नसला तरी ये. पन्नास बचत टाक आणि हप्त्याचं काय करायचं ते तूच सांग." ती आली. उरलेल्या सहाशेचे दीडशेचे चार हप्ते तिनंच सुचवले, तसा ठराव झाला. शेवटचा उपाय म्हणून तिच्या बचतीतून रक्कम वळती करता येते, पण तेही तिच्यासमोर, ठराव लिहूनच.

शेजारधर्म पैशानं मोडतो असं म्हणतात. या कामात आम्हाला दिसतं ते असं, की मागणं कुठं, कधी आणि कुणी करायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून प्रत्येक मागणं अपमानासारखं लागतं.

एक सावधगिरीची गोष्ट. निवडणुकीच्या आधी कुणीतरी भांडी, साड्या किंवा पाच हजारांची देणगी घेऊन गटाकडे येतं. असे पैसे गटाच्या खात्यात घेऊ नयेत. फुकट आलेल्या पैशातलं कर्ज कुणी फेडत नाही, आणि ते बघून स्वतःच्या पैशातलं फेडणंही ढिलं पडतं.

समोरच्या वहिनींचं काय? त्यांनी सहाव्या महिन्यात स्वतःहून विचारलं. ताईंना एकटीनं हो म्हणायचं होतं, पण हा निर्णय त्यांचा नव्हताच. गटातल्या दोघींचे पैसे त्या भिशीत गेले होते, त्यांना आधी बोलू दिलं. बोलणं कडू झालं. शेवटी असं ठरलं: वहिनींना सभासद करून घ्यायचं, पहिलं वर्ष पद नाही, पैशाला हात नाही, कर्ज मात्र सगळ्यांसारखंच. दोघींपैकी एकीनं ठरावावर सही केली. दुसरीनं विरोध नोंदवायला सांगितला, आणि तो इतिवृत्तात तसाच लिहिला गेला. भिशीचे बुडालेले पैसे हा वेगळा विषय आहे, तो गटाच्या वहीत आणायचा नाही, हेही त्याच ठरावात घातलं.

आता वर्ष पुरं होत आलंय. गट सोडणारीला बचत परत द्यायची हे नियमात आहे, पण जमलेल्या व्याजातला वाटा द्यायचा की नाही हे लिहायचं राहिलं होतं, आणि शिवणकाम करणारी सभासद लग्न करून हडपसरला चालली आहे. वाटा द्यावा, पण वर्षअखेरीचा हिशेब लागल्यावर आणि तिच्याकडचं कर्ज वजा करून, असं आम्ही सुचवलंय. येत्या रविवारी त्यावर बोलणं होईल.