वाचक विचारतात : भाद्रपद-आश्विनातले वाटसरू पक्षी

पाऊस ओसरायला लागला की या सदराच्या टपालात पक्ष्यांची पत्रं वाढतात. यंदाची बहुतेक पत्रं कच्छ, खंबातचं आखात आणि आपलं वडोदऱ्याजवळचं वढवाणा तळं यांबद्दलची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

आम्ही मित्रमंडळी दरवर्षी नाताळच्या सुट्टीत कच्छला जातो. फ्लेमिंगो आणि करकोचे भरपूर दिसतात, पण युरोपियन नीलपंख, लाल पाठीचा खाटीक, स्पॉटेड फ्लायकॅचर यांतलं एकही पाखरू अजून पाहायला मिळालेलं नाही. कुठे चुकतं? (एक वाचक, दांडिया बझार)

तारीख चुकते. नाताळात हे तिन्ही पक्षी आफ्रिकेत असतात. ते आपल्याकडे हिवाळा काढायला येत नाहीत, फक्त वाटेवर थांबतात. मध्य आशियात वीण आटोपली की त्यांचा एक मोठा ओघ वायव्य भारतावरून वळसा घेऊन पूर्व आफ्रिकेकडे जातो. राजस्थानचा पश्चिम भाग, कच्छ आणि सौराष्ट्राचा काही पट्टा या वळशात येतो. पावसानं हिरवळ आलेली असते, टोळ-नाकतोडे माजलेले असतात आणि पुढे अरबी समुद्र किंवा अरबस्तानचं वाळवंट ओलांडायचं असतं, म्हणून इथे थांबून अंगावर चरबी चढवायची. वसंतात परतताना यांतले बरेचसे पक्षी आणखी पश्चिमेकडून, अरबस्तान-इराणवरून जातात. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये कच्छला जाऊन ही चूक भरून निघत नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात होते, सप्टेंबरभर भर असतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बाजार उठतो. नीलपंख आणि रूफस-टेल्ड स्क्रब रॉबिन लवकर येतात. ग्रेटर व्हाइटथ्रोटही सप्टेंबरातच गाठावा. लाल पाठीचा खाटीक आणि स्पॉटेड फ्लायकॅचर यांना सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा चांगला. एकच फेरी जमणार असेल तर सप्टेंबरचा तिसरा आठवडा धरा.

रात्रीच्या गाडीनं भुजला उतरून नखत्राण्याच्या आसपासची शेतं आणि गवताळ माळ घ्या. ही पाखरं तलावावर शोधायची नसतात. शेताचं काटेरी कुंपण, बोरीची जाळी, पिलूची झाडं, विजेच्या तारा आणि तुरळक देशी बाभळी यांवर नजर ठेवा. गांडो बावळाचं (परदेशी वेड्या बाभळीचं) घट्ट रान सोडून द्या, तिथे काही असलं तरी दिसणार नाही. उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतचे तास खरे. नंतर ऊन चढतं, पाखरं झुडपाच्या पोटात शिरतात आणि माणसंही वैतागतात. गाडी सावकाश चालवा, दर दोनशे-तीनशे मीटरवर थांबा, इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं काचेतूनच पाहा. खाली उतरलात की खाटीक पुढच्या झुडपावर जातो, तुम्ही त्याच्यामागे जाता आणि सकाळ संपते. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या अॅपवर विसंबू नका, कारण या दिवसांत हे पक्षी फारसे बोलत नाहीत. माणशी किमान तीन लिटर पाणी न्या. सरहद्दीकडच्या भागात परवाना लागतो, तेव्हा ओळखपत्र बरोबर असू द्या.

हे पक्षी ‘दुर्मीळ’ आहेत का? वडोदऱ्यात आहेत. कच्छच्या सप्टेंबरात नाहीत. तेव्हा पाहणारे मात्र कमी असतात.

दसऱ्याच्या सकाळी वढवाण्याच्या वाटेवर तारेवर नीलपंख दिसला. फोटोत छाती बरीच निळी वाटते. तो युरोपियन असेल का? (एक वाचक, रावपुरा)

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. तो आपला भारतीय नीलपंखच आहे. गालावर आणि छातीवर तांबूस-जांभळट तपकिरी रंग आहे आणि गळ्यावर फिकट रेघोट्या स्पष्ट आहेत. सकाळचं तिरपं ऊन पोटाच्या निळ्यावर पडलं की छातीही निळी भासते. या दिवसांत अशी गफलत फार होते.

प्रौढ युरोपियन नीलपंखाचं डोकं, गळा, छाती आणि पोट सगळं एकाच फिकट निळ्या रंगाचं असतं आणि पाठ विटकरी. पण शरदात येणाऱ्यांत यंदाची पिल्लंही असतात. त्यांची छाती मळकट तपकिरी, थोडी रेघाळ दिसते, म्हणून फक्त छाती पाहून निर्णय देऊ नये. पक्षी उडेपर्यंत थांबा. भारतीय नीलपंखाच्या पंखात गडद निळा आणि आकाशी असे पट्टे आलटून-पालटून दिसतात. युरोपियनची उड्डाणपिसं सरसकट काळपट असतात, आकाशी रंग फक्त पंखाच्या पुढच्या भागात. उडतानाचा एक धूसर फोटो बसलेल्या दहा सुरेख फोटोंपेक्षा जास्त सांगतो. दसरा सप्टेंबरअखेर आला तर युरोपियनची शक्यता थोडी राहते. ऑक्टोबर निम्मा उलटल्यावर आला तर ती फारच कमी.

कावी-कंबोईला दोनदा गेलो. समोर नुसता चिखल, पक्षी ठिपक्याएवढे. लोक म्हणतात हजारोंनी असतात. कधी जावं? (काही विद्यार्थी, फतेगंज)

तुम्ही ओहोटीला गेलात. खंबातचं आखात देशात भरती-ओहोटीच्या सर्वांत मोठ्या फरकासाठी प्रसिद्ध आहे, भावनगरकडे उधाणाच्या दिवसांत हा फरक दहा मीटरच्या वर जातो. किनारा सपाट, त्यामुळे पाणी उतरलं की ते काही किलोमीटर मागे सरकतं. तुतवार, कुरल, मालगुजे हे पक्षी पाण्याच्या कडेकडेनं चरत त्याच्यामागे जातात. दुर्बीण कितीही भारी असली तरी एवढ्या अंतरावरून, चिखलावर तापलेल्या हवेच्या लहरींतून, ओळख पटत नाही.

पक्षी आपल्याकडे येतात ते भरतीबरोबर. भरतीचा कळस होण्याआधी दोन तास किनाऱ्यावर हजर राहा आणि कळसानंतर तासभर थांबा. पाणी चढतं तशी चरायची जागा आकसते, थवे जवळ येतात आणि शेवटी कोरड्या उंचवट्यावर दाटीवाटीनं विसावतात. दुर्मीळ पक्षी सापडतो तो याच वेळी, कारण तो बहुधा एकटा असतो आणि नेहमीच्यांच्या घोळक्यात उभा असतो. घोळका डावीकडून उजवीकडे एक-एक डोकं करत तपासा. वेगळ्या उंचीचा, वेगळ्या चोचीचा, वेगळ्या पद्धतीनं चरणारा कोण ते पाहा.

दिवस निवडायला पंचांग उपयोगी पडतं. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यांच्या नंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी थेट किनाऱ्याला भिडतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती अर्ध्यावरूनच परतते. कोकणातल्या नातेवाइकांकडून ऐकलेला ‘तिथीची पाऊणपट’ (तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ) हा हिशेब मात्र इथे लावू नका. तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. आखातात वर सरकेपर्यंत भरतीला काही तास उशीर होतो. भावनगरचं भरतीचं वेळापत्रक पाहा आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे धरा. कंबोईचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून भरतीचा कळस सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येणारा दिवस सर्वांत चांगला. सूर्य पाठीशी राहतो.

एक इशारा. कंबोईच्या किनाऱ्यावरचं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं, ते पाहायला गर्दी असते आणि लोक निर्धास्त होतात. पक्ष्यांच्या मागे चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसणाऱ्या गाळात मांडीपर्यंत पाय जातो आणि इथे पाणी समोरूनच नव्हे, मागच्या नाळ्यांतूनही चढतं. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) असेल तर बांधावर बसूनच सगळं होतं.

तिथे क्रॅब प्लोव्हर दिसेल का? (तेच विद्यार्थी)

खंबातच्या गाळात आशा धरू नका. त्याला वाळूचे आणि प्रवाळाचे उथळ पट्टे लागतात. जामनगरकडे नरारा आणि पिरोटन ही त्याची ठिकाणं. तो भाग सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो (अभयारण्य १९८०, राष्ट्रीय उद्यान १९८२), म्हणून वनखात्याची परवानगी आधी काढा. शरदात गेलात तर करडी पिल्लं पांढऱ्या-काळ्या आईबापांमागे भीक मागत फिरताना दिसतील. घरटं इराणच्या आखाताकडे, अन् पिल्लाला भरवणं मात्र इथे आल्यावरही चालूच.

सँड प्लोव्हर दोन प्रकारचे, लेसर आणि ग्रेटर. पुस्तकं वाचूनही फरक कळत नाही. एखादी सोपी खूण? (एक वाचक, वाडी)

आकारावर जाऊ नका, शेजारी दोन्ही उभे असल्याशिवाय तो फसवतो. चोच मोजा. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. चोच त्याहून लांब आणि जड असेल तर ग्रेटर, तेवढीच किंवा आखूड असेल तर लेसर. हे फक्त बरोबर बाजूनं, आडव्या घेतलेल्या फोटोवर चालतं. पक्षी थोडा जरी तुमच्याकडे वळला असेल तर चोच आखूड दिसते आणि ग्रेटरचा लेसर होतो. दुसरी खूण पायांची : ग्रेटरचे फिकट हिरवट-पिवळे, लेसरचे गडद. पण गाळानं माखलेले पाय सगळ्यांचेच काळे, तेव्हा पाय धुतलेला पक्षी शोधा. उडताना ग्रेटरची बोटं शेपटीच्या थोडी बाहेर येतात.

जुन्या पुस्तकांतला ‘लेसर’ २०२३पासून जगभरच्या याद्यांमध्ये तिबेटी आणि सैबेरियन असा विभागला गेला आहे. आपल्याकडचे बहुतेक तिबेटी. हिवाळी पिसाऱ्यात सैबेरियन ओळखल्याचा दावा करायचा मोह आवरावा.

वादळी वाऱ्यानंतर वडोदऱ्याजवळच्या पादरा गावच्या शेतात बदकापेक्षा मोठा, लांब टोकदार चोचीचा, पायाला पडदे असलेला पक्षी बसलेला सापडला. उडत नव्हता. अशा वेळी काय करावं? (एक शेतकरी वाचक)

वर्णनावरून तो बूबी असावा, खुल्या समुद्रातला पक्षी. डोकं-मान तपकिरी, पोट स्वच्छ पांढरं आणि दोन्हींमधली रेघ सुरीनं कापल्यासारखी असेल तर ब्राऊन बूबी. मानेभोवती पांढरी पट्टी असेल तर मास्क्ड बूबीचं पिल्लू. थकून, उपाशी होऊन आणि वाऱ्यानं फेकला जाऊन तो आत येतो.

जाड टॉवेल मागून टाका आणि पंख अंगाशी धरून उचला. आपलं तोंड दूर ठेवा, चष्मा असेल तर घाला, कारण ही चोच थेट डोळ्यावर येते. चोचीला रबर किंवा दोरी कधीही बांधू नका. बूबीच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात, तो तोंडाच्या कडेनं श्वास घेतो, बांधलेल्या चोचीनं गुदमरेल. भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात, खाली कापड अंथरून, अंधारात आणि शांत जागी ठेवा. दूध, पाव, भात काही देऊ नका, तोंडात पाणी ओतू नका आणि आंघोळ तर नकोच. भिजलेली, मळलेली पिसं पाणी अडवत नाहीत, ठीक करायला जाणकार लागतो. करुणा या प्राणी-रुग्णवाहिका सेवेच्या १९६२ या फोन क्रमांकावर किंवा जवळच्या वनकार्यालयात लगेच कळवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो घरी ठेवता येत नाही. गावतळ्यात सोडून देणं म्हणजे त्याला मारणंच. त्याचं खाणं समुद्रात आहे.

पक्षी त्यांच्या ताब्यात देण्याआधी तीन फोटो घ्या : बाजूनं डोकं, उघडलेला पंख आणि पाय. तारीख आणि शेताची जागा लिहा. समुद्री पक्ष्यांची आतल्या भागातली बरीचशी नोंद अशीच होते.

ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) वढवाण्याची सोशिएबल टिटवी टाकली, तर पडताळणीसाठी प्रश्न आला. आमच्यावर विश्वास नाही का? (एक वाचक, मांजलपूर)

प्रश्न तुमच्यावर नसतो, नोंदीवर असतो. असामान्य नोंदीला तपशील मागण्याची ती रीतच आहे. ही टिटवी जगात अतिसंकटग्रस्त आहे, कझाकस्तानकडून येते आणि गुजरातेत यापूर्वी दिसलेली आहे. म्हणजे अशक्य काहीच नाही, फक्त पुरावा हवा.

‘स्पष्ट दिसली, खात्री आहे’ एवढं लिहून भागत नाही. किती अंतरावरून, किती वेळ, कोणत्या उजेडात पाहिली ते लिहा. मग जे दिसलं तेच : काळसर टोपी, डोळ्यावरची रुंद पांढरी भुवई जी मागे मानेवर मिळते, काळे पाय. त्यानंतर शेजारच्या टिटव्या का नाकारल्या तेही. पिवळ्या गाठीच्या टिटवीला चेहऱ्यावर पिवळी लोळी आणि पिवळे पाय असतात. पांढऱ्या शेपटीच्या टिटवीचे पाय पिवळे-लांब आणि चेहरा साधा. तुमच्या टिपणात पायांचा रंगच नव्हता, त्यामुळे प्रश्न येणारच. टिपण जागेवरच, पुस्तक उघडण्याआधी लिहा. चित्र पाहून आठवलेल्या खुणा आणि डोळ्यांनी पाहिलेल्या खुणा नंतर वेगळ्या करता येत नाहीत. फोटो नसेल तर हातानं काढलेलं कच्चं चित्रही चालतं.

पक्षी नांगरलेल्या किंवा पडीक शेतात असेल तर नकाशावर नेमका बिंदू लगेच जाहीर करू नका. चार दिवसांत पंधरा गाड्या बांधावर उभ्या राहतात, पाखरू जातं आणि शेतकरी पुढच्या वर्षी कुणालाच येऊ देत नाही.

पहिली दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×५०? (एक वाचक, अलकापुरी)

८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर). हातात कमी हलते, दृश्य रुंद मिळतं आणि खांद्याला जड होत नाही. पैसे उरले तर दहाच्या दुर्बिणीऐवजी स्कोपसाठी साठवा. तिपाई मात्र स्वस्तातली घेऊ नका, आखाताच्या वाऱ्यात ती थरथरते आणि महागड्या स्कोपचा उपयोग राहत नाही.

वढवाण्यात एका पाणपक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली. कुणाला कळवायचं? (तीन पत्रं)

बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी). कोणता पाय (पक्ष्याचा डावा-उजवा, तुमचा नव्हे), गुडघ्याच्या वर की खाली, रंग वरून खाली कोणत्या क्रमानं आणि त्यावर अक्षरं-अंक असतील तर तेही लिहा. एक अक्षर वाचता आलं नाही तर अंदाजानं भरू नका, त्या जागी प्रश्नचिन्ह टाका. दुसऱ्या पायात धातूचं कडं आहे का तेही पाहा. पट्टी नसलेला पायही ‘काही नाही’ म्हणून नोंदवायचा, कारण गळून पडलेल्या पट्टीचा हिशेब त्यावरूनच लागतो.