वाचकांचे प्रश्न : कुंडीतली लवंगी मिरची

प्रश्न : ठाण्यात पाचव्या मजल्यावर आमची पश्चिमेकडची गॅलरी आहे. तिथे कुंडीत लावलेल्या लवंगी मिरचीला हिवाळ्यात भरपूर मिरच्या लागल्या. एप्रिलपासून मात्र फुले येतात आणि गळून पडतात, पानेही आकसू लागली आहेत. झाड काढून टाकावे का? शिवाय याच मिरच्यांचा ठेचा इतका तिखट होतो की घरात कोणी खात नाही. त्याला काय करावे?

उत्तर : झाड कृपया उपटू नका. आपल्याकडे मिरची हंगामी पीक म्हणून घेतात, पण जिथे कडाक्याची थंडी पडत नाही तिथे तेच झाड दोन-तीन वर्षे सहज जगते आणि फळ देते. फुलगळ हा बहुधा उन्हाचा परिणाम आहे. तापमान 35 अंशांच्या पुढे गेले आणि रात्रीही उकाडा कमी झाला नाही की परागकण निकामी होतात व फळ न धरता फूल गळते. पश्चिमेची भिंत दुपारभर तापून रात्री ती उष्णता परत सोडत असल्यामुळे तुमच्या झाडाला रात्रीसुद्धा विसावा मिळत नसणार. कुंडी भिंतीपासून हातभर दूर सरकवा, दुपारी हिरव्या जाळीची सावली करा आणि मातीवर वाळलेल्या पानांचा थर द्या. फळ धरत नाही म्हणून युरिया घालण्याचा मोह मात्र टाळा, कारण त्याने पाला माजतो आणि फुलगळ वाढते. पावसाच्या तोंडाशी एकतृतीयांश फांद्या छाटून दोन मुठी गांडूळखत द्या, म्हणजे नवी फूट येईल. कुंडी बारा इंचांपेक्षा लहान असेल तर ती त्याच वेळी बदलावी.

पाने कोणत्या बाजूला वळली आहेत ते नीट पाहा. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर ते फुलकिड्यांचे काम असते, खाली वळल्या असतील तर कोळी नावाच्या अतिसूक्ष्म किडीचे. दोन्हींसाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून दर आठवड्याला संध्याकाळी फवारावे, विशेषतः पानांच्या खालच्या बाजूला. परंतु शेंड्याची पाने बारीक, जाडसर होऊन त्यांचा गुच्छ झाला असेल तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणूजन्य चुरडा-मुरडा समजावा. त्यावर औषध नाही. असे झाड मात्र, जड मनाने का होईना, शेजारच्या झाडांसाठी काढावेच लागते.

आता ठेच्याविषयी. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असा समज घरोघरी आहे, पण तो खरा नाही. तो असतो बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात. बियांना केवळ त्याचा स्पर्श झालेला असतो. म्हणून निम्म्या मिरच्या उभ्या चिरून चमच्याच्या टोकाने गाभा खरवडून काढा, उरलेल्या तशाच राहू द्या, म्हणजे वास आणि चव जाणार नाही. मग लोखंडी तव्यावर तेलात मिरच्यांवर काळसर डाग पडेपर्यंत त्या परता, त्यांत लसूण, जिरे, मीठ आणि मूठभर भाजलेले दाणे घाला आणि तवा गरम असतानाच तांब्याच्या बुडाने रगडा. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते, ठेचा होत नाही, असे माझे ठाम मत आहे. तिखटपणा देणारे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे दाण्यांनी आणि तेलाने ठेचा सौम्य लागतो, आणि जिभेला चटका बसल्यावर पाण्यापेक्षा दह्याचा उपयोग होतो. कुंडीला अधूनमधून पाण्याचा ताण बसत असेल तर मिरची अधिक तिखट होते, हेही ध्यानात असू द्या.

चिरताना हातांची आग झाली तर आधी खोबरेल तेल चोळावे, नंतर साबणाने हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना मुळीच हात लावू नये.