मिठी नदीच्या काठी पुन्हा राहायला यावं का?

प्रश्न : 2005 साली आम्ही कलिन्यात तळमजल्यावर राहत होतो. सव्वीस जुलैला दुपारी चारच्या सुमारास पाणी उंबऱ्यावरून आत आलं, सहापर्यंत ओट्याच्या वर गेलं. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन ती रात्र वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे काढली. आम्ही वाचलो, पण सासरे दोन दिवस त्या पाण्यातून सामान काढत होते. पुढच्या पंधरवड्यात ताप आला आणि लेप्टोने, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने, गेले. त्याच वर्षी आम्ही सांगलीला माहेरच्या गावी आलो. त्यानंतर मी मुंबईत पाऊल ठेवलेलं नाही. आता मुलीला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नोकरी लागली आहे, ती कुर्ल्यात भाड्याने घर बघते आहे आणि मीही सोबत राहावं म्हणते. मी नको म्हटलं की म्हणते, ‘आई, वीस वर्षं झाली.’ माझी भीती वेडेपणाची आहे का? मिठी आता सुधारली का? आणि कलिन्याची आमची गल्ली बघायला जावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, महापालिकेत पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामात माझी सारी नोकरी झाली. तेव्हा शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेवढ्याचंच उत्तर मला खात्रीने देता येतं.

त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच वेळात 75 सुद्धा नाही. (मुंबईचं ‘स्पिरिट’ वगैरे ज्यांना फार आवडतं ते बहुधा कुलाब्याकडचे असावेत.) दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात 190 मिलिमीटरच्या आसपास पडला. आमचे नाले होते तासाला 25 मिलिमीटरचे, तेही ओहोटी असताना. आणि नेमकी तेव्हाच साडेचार मीटरच्या आसपास भरती. मुंबईतल्या नाल्यांची बरीच मुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीला दारं लावली नाहीत तर समुद्र आत येतो, लावली तर पाऊस आत अडकतो. शिवाय तुमच्या भागाचं पाणी ज्या मिठीत जायचं ती विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, आणि पुढे माहीमच्या खाडीपर्यंत दोन्ही बाजूंनी भराव.

सुधारणा झाली का? झाली. मिठी बरीच रुंद आणि खोल केली, काठाला भिंती बांधल्या. नवे नाले तासाला 50 मिलिमीटरचा हिशेब धरून बांधले जातात. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे पंपिंग स्टेशनं झाली. भरतीतही ती पाणी उपसून समुद्रात टाकतात. दादरजवळच्या हिंदमाताला पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या. मात्र माहुलचं पंपिंग स्टेशन, ज्याचा कुर्ला-चेंबूर बाजूला उपयोग होईल, ते जागेच्या भानगडीत वर्षानुवर्षं रखडलं. मिठीतला गाळ दरवर्षी काढला असं कागदावर असतं; 2025 मध्ये त्या कंत्राटांत गैरव्यवहार झाल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी 19 ऑगस्टला मिठीची पातळी 3.9 मीटरला गेली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधून लोकांना हलवावं लागलं. पण हलवलं, हे महत्त्वाचं. 2005 ला कोण कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं, फोन बंद होते. तेव्हा पुन्हा तासाला 190 पडला तर कुर्ल्यात पाणी भरेल, यात मला शंका नाही. रोजच्या पावसाळ्यात मात्र पूर्वीपेक्षा लवकर उतरेल.

आता तुमच्या भीतीबद्दल. सांगलीत इतकी वर्षं राहिलात म्हणजे 2019 चा पूरही पाहिला असेल. आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा विश्रामबागकडे लोकांनी पाहुण्यांची सोय केली होती. तिथली माणसं फुटांत बोलतात: आज चाळीस, उद्या पंचेचाळीस, कोयनेतून इतका विसर्ग, सामान माळ्यावर टाका. कृष्णा दोन दिवस आधी निरोप पाठवून येते. मिठी दोन तासांत येते, आणि तिला यायला धरण लागत नाही. तुम्ही दोन्ही नद्या पाहिल्यात. मुलीला मिठी आठवतही नसेल; तिच्या लेखी मुंबईत पाणी भरणं म्हणजे लोकल बंद आणि घरून काम. ‘वीस वर्षं झाली’ हे ती तुम्हाला समजवायला म्हणते, पण त्या वीस वर्षांत सासऱ्यांचं आजारपण तिला तपशिलात कोणी सांगितलंय का? माझा अंदाज, नाही. आपल्या घरांत ‘आजोबा पुरात गेले’ एवढ्यावर विषय संपतो. तिला सगळं सांगा: पाणी किती वाजता कुठवर आलं, शेजाऱ्यांनी काय खायला दिलं, ताप कितव्या दिवशी आला, डॉक्टरांनी काय विचारलं. आणि हेही सांगा की आता साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन लेप्टोची प्रतिबंधक गोळी घ्यायची, पायाला जखम असेल तर नक्कीच. पालिका दर पावसाळ्यात हे सांगते, फारसं कोणी ऐकत नाही. तुमच्या घरात ऐकलं जावं.

कलिन्याला जरूर जा, पण ओळखीच्या खुणा शोधायला जाऊ नका. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता 2014 ला सुरू झाला, त्याने त्या भागाची दिशाच बदलली. रिक्षावाला पुलावरून नेईल आणि खाली काय आहे ते तुम्हाला दिसणारही नाही. बीकेसीत आता भुयारी मेट्रो येते. जिथे मुलीचं ऑफिस आहे ती खाडीकाठची दलदल होती, तुमच्या लग्नाच्या वेळी तिथे संध्याकाळनंतर कोणी जात नसे. तुमची बिल्डिंग कदाचित पाडून टॉवर झाला असेल. नसेल झाला तर ते शेजारी आहेत का ते आधी फोनवर विचारून घ्या. असतील तर गल्लीपेक्षा त्यांच्याकडे जा. मुलीला न्या, ज्या खोलीत ती त्या रात्री झोपली ती तिला बघू दे. नुसतं रस्त्यात उभं राहून काही हाती लागणार नाही, आणि चार लोक ‘काय पाहिजे?’ म्हणून विचारतील ते वेगळंच.

राहिलं घर. दलाल ‘इथे पाणी भरत नाही’ म्हणेल. त्याला तेच म्हणावं लागतं. तुम्ही खालच्या किराणा दुकानात जा, बिस्किटाचा पुडा घ्या आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. साखर-तांदळाची पोती जमिनीवर असतील तर बरं लक्षण. फळी गुडघ्याच्या वर असेल तर दुकानदाराला वर्ष विचारा, तो तारखेसकट सांगेल. बिल्डिंगमध्ये शिरताना विजेच्या मीटरची पेटी बघा. मुद्दाम उचलून वर बसवलेली असेल तर तिथे पाणी आलेलं आहे. लिफ्टचं मशीन आणि पाण्याचा पंप कुठे आहे ते विचारा, तळघरात असेल तर पाचव्या मजल्यावर राहूनही तुम्ही अडकाल. तळमजला आणि पहिला मजला नको, हे मी सांगायला नको. आणि क्रांतीनगरसारख्या नदीला टेकलेल्या वस्त्यांपेक्षा रेल्वेच्या पूर्वेला नेहरूनगरकडे बघा, तिथूनही बीकेसी फार लांब पडत नाही. अर्थात तिथेही वर सांगितलेली फळी बघायचीच.

लोक घर बघतात दिवाळीनंतर, सगळं कोरडं असताना. तुम्ही भर पावसाळ्यात बघा. मुलीला सांगा, तोवर कुठेतरी पेइंग गेस्ट म्हणून राहा. पालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. जुलैतली एक तारीख निवडा, आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने या, आणि पाऊस असेल तर भरतीच्या वेळी दोघी मिळून ते घर बघा. अनामत रक्कम त्यानंतर द्या.