रॅम वाढवली, तरी बिलाला वीस मिनिटं

प्रश्न: आमच्या दूध संस्थेत साधारण ९०० उत्पादक आहेत. तीन वर्षांचं सकाळ-संध्याकाळचं संकलन मायएसक्यूएल ८ या डेटाबेसमध्ये आहे. दहा दिवसांची बिलं काढायला २० मिनिटं लागतात. रॅम ८ जीबीची ३२ केली, फरक शून्य. स्लो क्वेरी लॉग (जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची नोंद) चालू केला, तर तो कोराच. सॉफ्टवेअरवाले म्हणतात नवा सर्व्हर घ्या. घ्यावा का? क्वेरी आणि एक्सप्लेन (ती क्वेरी कशी चालवली जाईल, याचा मायएसक्यूएलने दिलेला आराखडा) सोबत जोडलं आहे.
– सचिव, सातारा जिल्हा

उत्तर: घेऊ नका. लॉग कोरा का, तिथूनच सुरुवात करू. त्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते. २० मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, भागिले ९०० उत्पादक – माणशी सव्वा-दीड सेकंद. तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक उत्पादकासाठी वेगळी क्वेरी सोडतंय आणि त्यातली एकही १० सेकंदांपर्यंत जात नाही, मग लॉगमध्ये येणार काय? ही मर्यादा (लाँग क्वेरी टाइम) अर्ध्या सेकंदावर आणा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. ग्लोबल (पूर्ण सर्व्हरसाठीचा) बदल आधीपासून उघड्या कनेक्शनला लागू होत नाही.

आता एक्सप्लेन. 'टाइप' (type) रकान्यात 'ऑल', म्हणजे सगळं टेबल; 'की' (key) रकान्यात 'नल', म्हणजे इंडेक्स (नोंदी चटकन शोधायची सूची) वापरलेलाच नाही; 'रोज' (rows, ओळी) जवळपास २० लाख. एका उत्पादकाच्या वीस नोंदींसाठी पूर्ण टेबल चाळलं जातंय, तेही ९०० वेळा. म्हणजे एका बिलवाटपाला १८० कोटी ओळी! बिचारा सर्व्हर.

तारखेवर इंडेक्स आहे, पण व्हेअरमध्ये (क्वेरीच्या अटीत) तुम्ही तारखेला इयर, मंथ, डे ही फंक्शनं लावली आहेत. इंडेक्स तारखेचा आहे, तारखेतून काढलेल्या महिन्याचा नाही; म्हणून तो वापरलाच जात नाही. 'तारीख २१ जून किंवा नंतरची आणि १ जुलैच्या आधीची' अशी अट सरळ कॉलमवर लिहा. महिना २८ चा की ३१ चा, ही कटकटही मिटते.

मग ९०० फेऱ्यांऐवजी एकच क्वेरी: त्या दहा दिवसांच्या नोंदी घ्या, उत्पादक क्रमांकावर ग्रुप बाय करा, म्हणजे उत्पादकवार एकत्र करा. ओळी १८ हजारांच्या घरात येतील. पासबुकासाठी मात्र उत्पादक क्रमांक आणि तारीख, याच क्रमाने, एक जोड इंडेक्स हवा. प्रत्येक कॉलमवर इंडेक्स ठोकायची हौस नको. सकाळी काट्यावर रांग असताना प्रत्येक नोंदीला तो भार पडतो.

रॅमचं म्हणाल, तर ती मायएसक्यूएलला दिलीच नाही कोणी. इनोडीबी बफर पूल साइझ (मायएसक्यूएल डेटा रॅममध्ये ठेवतं ती जागा) मुळात १२८ एमबी असते, ती आपोआप वाढत नाही. त्याच मशीनवर बाकी कामंही चालतात, तेव्हा १६ जीबी द्या. चालू सर्व्हरवरही बदलता येते. पण हे दुय्यम.

एक खोच राहिलीच. उत्पादक क्रमांक तुम्ही मजकूर म्हणून ठेवलाय ('००४१२') आणि क्वेरीत ४१२ हा आकडा देताय. उत्तर बरोबर येतं, पण '४१२', '०४१२', '००४१२' हे सगळे ४१२ च ठरत असल्यामुळे इंडेक्स इथेही बाद. कॉलम आकड्याचा करा, उत्पादकांच्या टेबलातलाही. बॅकअप घेऊन, संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर. त्याआधी एकाच माणसाच्या नोंदी '४१२' आणि '००४१२' अशा दोन्ही रूपांत आहेत का, ते पाहा. तशा असतील आणि मजकुरावरच ग्रुप बाय केलंत, तर त्याची दोन अर्धी बिलं निघतील.