चिनी मालामुळे मतं बदलतात, तर चीनला माल विकूनही बदलतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेव्हिड ऑटर या अर्थतज्ज्ञाने म्हणे सिद्ध केलं की चिनी आयातीमुळे अमेरिकेत लोकांची राजकीय मतं बदलली. हे मोजतात कसं? आणि आपल्या गोव्यात तसं काही दिसतं का?

मी गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीचा. हायर सेकंडरीत अर्थशास्त्र शिकवतो. पण या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला पुस्तकात कमी आणि आमच्या अंगणात जास्त मिळालं. तिथे काकाचा टिपर उभा असायचा.

आधी ऑटर. तो एकटा नाही, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन हे त्याचे सहकारी. २०१३ च्या त्यांच्या निबंधाने हा विषय गाजवला. त्यांनी अमेरिकेचे जिल्हे न घेता असे टापू घेतले, ज्यात माणसं रोज कामाला ये-जा करतात. प्रत्येक टापूत कोणते कारखाने होते (फर्निचर, बूट, खेळणी) आणि त्या वस्तू चीनमधून किती वाढल्या, यावरून कुणाला किती फटका बसला ते काढलं. इथवर कुणीही करेल. अडचण पुढे आहे. एखाद्या गावातला फर्निचरचा कारखाना चीनमुळे बुडाला, की आधीच मोडकळीला आला होता म्हणून चिनी मालाला जागा मिळाली?

म्हापशाच्या बाजारात बांगडा महागला असं समजा. पर्यटक वाढले म्हणून, की समुद्रातच मासा कमी म्हणून? त्याच आठवड्यात मालवण आणि कारवारला काय भाव होता ते विचारायचं. तिथेही महाग असेल तर कारण समुद्रात आहे, म्हापशात नाही. ऑटर मंडळींनी हेच केलं. चीनमधून त्याच वस्तू इतर आठ श्रीमंत देशांत किती वाढल्या ते पाहिलं. तिथेही वाढ असेल तर धक्का चीनच्या बाजूने आला, अमेरिकेतला कारखाना आपल्या पायाने मेला नाही. माझ्या मते सगळ्या संशोधनातली खरी हुशारी एवढ्या एका युक्तीत आहे. बाकी मेहनत.

निघालं काय? १९९० ते २००७ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या जेवढ्या घटल्या, त्यातला साधारण चौथा हिस्सा चिनी आयातीमुळे. आमच्या क्रमिक पुस्तकात असतं की एका धंद्यातली माणसं दुसऱ्या धंद्यात जातात, दुसऱ्या गावी जातात. ती फारशी गेलीच नाहीत. तिथेच राहिली, कमी पगारावर किंवा सरकारी मदतीवर.

राजकारणाचा निबंध नंतरचा, २०२० चा, त्यात कावेह मजलेसीही आहेत. इथे तुमचं वाक्य जरा दुरुस्त करतो. फटका बसलेल्या टापूंपैकी गोऱ्यांची बहुसंख्या होती तिथली मतं कट्टर उजव्या उमेदवारांकडे सरकली. पण जिथे काळे, हिस्पॅनिक वगैरे बहुसंख्य होते, तिथली मतं उदारमतवादी डेमोक्रॅट्सकडे गेली. म्हणजे मार एकच आणि माणसं दोन दिशांना पळाली. "चीनमुळे ट्रम्प" हे त्याचं बातमीतलं रूप.

ब्रिटनबद्दल कोलान्तोने आणि स्टानिग या दोघांनी असंच काम केलं. चिनी आयातीचा फटका जास्त बसलेल्या भागांत ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, बाजूने जास्त मतं पडली, आणि ती देणाऱ्यांत ज्यांचा कारखान्याशी काही संबंध नाही असे लोकही होते. स्थलांतरितांच्या संख्येशी तसा संबंध त्यांना सापडला नाही. हे वाचताना मला इंग्लंडमधलं स्विंडन शहर आठवतं. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले आपले कितीतरी गोंयकार तिथे राहतात, आणि त्या शहराने २०१६ मध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. नोकरी गेली मालामुळे, राग निघाला माणसांवर.

आता गोवा.

२००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला. अमेरिकेत कारखाने बंद पडायला लागले आणि त्याच चीनने आमच्या डिचोली, सत्तरी, सांगेची माती, म्हणजे लोहखनिज, विकत घ्यायला सुरुवात केली. आमचं लोखंड कमी प्रतीचं, देशातल्या पोलाद कारखान्यांना फारसं नको असलेलं. जपानला पूर्वीपासून जात होतं, पण चीनची भूक वेगळी. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास माल जात होता. तिकडे जो 'धक्का' होता, तोच आमच्याकडे सुकाळ.

काकाने कर्ज काढून टिपर घेतला आणि खाणीवर घातला. दसरा झाला की गाड्या बाहेर पडायच्या. खाण ते सारमानसचा नदीकाठचा धक्का, धक्क्यावरून बार्ज (माल वाहणारी सपाट बोट), बार्जमधून मुरगाव बंदर. शाळेच्या पिशवीत मिळते तसली दोनशे पानी वही होती त्याच्याकडे, तिच्यात फेऱ्यांच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी. रस्त्याकडेची झाडं मे महिन्यापर्यंत तांबडी व्हायची आणि काकी कपडे घरातच वाळत घालायची. धुळीवरून भांडणं होती, विहिरी आटत होत्या, शेतात खाणीचा गाळ येत होता. पण वहीत रेघा पडत होत्या तोवर गावात चीनबद्दल कुणी वाईट बोलत नव्हतं. चांगलंही बोलत नव्हतं म्हणा. चीनचा विषयच नव्हता.

मग २०१२. मार्चमध्ये भाजप ४० पैकी २१ जागा घेऊन सत्तेवर आला, प्रचारात बेकायदा खाणी हा मोठा मुद्दा होता. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा काढला. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने. चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. पावसाळ्यात गाड्या तशाही उभ्याच असतात, त्यामुळे आरती करताना कुणाला वाटलंही नाही की दसऱ्याला त्या निघणार नाहीत.

इथे मला अर्थशास्त्राचा माणूस म्हणून एक गोष्ट टोचते. चीनमध्ये पोहोचलेल्या लोखंडाचा भाव २०११ च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या आसपास होता. बंदी आली त्याच महिन्यात तो ९० च्या खाली गेला होता. न्यायालयाने २०१४ च्या एप्रिलमध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली, २०१५ मध्ये काम थोडं सुरू झालं, आणि त्या डिसेंबरात भाव ४० च्याही खाली. म्हणजे बंदी आलीच नसती तरी काकाच्या वहीतल्या रेघा कमी झाल्याच असत्या. मी हे त्याला एकदा समजावायला गेलो. तो म्हणाला, "कोर्टान आमकां मारलें." विषय संपला.

भाव पडला ते चीनच्या बाजाराच्या आकड्यांत दिसतं, बंदी टीव्हीवर दिसते. २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींची ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केली तेव्हा खाणपट्ट्यातल्या लोकांनी पणजीत रस्ता अडवला, आणि मागणी काय? दिल्लीने कायदा बदलावा. निर्यात शुल्क, रॉयल्टी, केंद्र, राज्य, पर्यावरणवाले, सगळ्यांना शिव्या मिळाल्या. चीनने मागणी कमी केली म्हणून चीनला शिवी दिलेली मी ऐकली नाही. २०२० च्या गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर काकाच्या धाकट्याने चिनी मालावर बहिष्काराचं स्टिकर मोबाइलला लावलं. मोबाइल चिनी. आणि त्याच मोबाइलवर तो चीनमधला लोखंडाचा भाव बघायचा, कारण साठवलेला माल लिलावात जाणार होता.

अमेरिकेतल्या मतदाराच्या डोळ्यासमोर 'मेड इन चायना' लिहिलेली वस्तू असते. विकणाऱ्याला गिऱ्हाईक दिसतच नाही, त्याला मधला माणूस दिसतो. म्हणून आयातीच्या धक्क्यावर बेतलेलं मोजमाप आमच्या खाणपट्ट्यावर जसंच्या तसं बसवू नका. शिवाय इथे ४० मतदारसंघ, कित्येक ठिकाणी काहीशे मतांनी निकाल लागतो आणि आमदार कोणत्या पक्षात उद्या असेल ते त्यालाही माहीत नसतं.

परदेशी गुंतवणुकीचं वेगळं आहे. सर्वसाधारण समज असा की शिकलेल्यांना परदेशी कंपन्या आवडतात, कारण नोकऱ्या त्यांनाच मिळतात. फोंड्याजवळ केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना यायचा होता, अमेरिकी भागीदार असलेला. १९९५ च्या जानेवारीत आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक तरुण गेला आणि प्रकल्प शेवटी तामिळनाडूत गेला. पुढे त्याच पठारावर सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आलं. सेझविरोधी आंदोलनात वकील, डॉक्टर, प्राध्यापक पुढे होते, आणि ३१ डिसेंबर २००७ ला मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सेझ रद्द करत असल्याचं जाहीर केलं. शिकलेलेच विरोधात! मायदा आणि रॉड्रिक यांच्या २००५ च्या निबंधात याची एक किल्ली आहे असं मला वाटतं. त्यांनी अनेक देशांतली सर्वेक्षणं तपासली, तर शिक्षणाबरोबर आणखी एक गोष्ट निघाली: आपल्या गावाशी, शेजाराशी ज्याची नाळ घट्ट, तो खुल्या व्यापाराच्या विरोधात झुकतो. गोव्यात पगाराचं गणित जमिनीपाशी येऊन थांबतं. सेझच्या सभांना मी गेलो होतो. तिथे परकीय भांडवल हा शब्द क्वचित कानावर आला. पाणी कुठून आणणार, कोमुनिदादची (गावाची सामायिक) जमीन कुणाला दिली, आणि बाहेरची किती माणसं येणार, हेच.

भारतापुरतं वाचायचं असेल तर पेतिया टोपालोव्हाचा १९९१ नंतरच्या आयात शुल्क कपातीवरचा अभ्यास आधी वाचा, ऑटर नंतर. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या उद्योगांवरचं शुल्क जास्त घटलं, तिथे गरिबी इतर जिल्ह्यांपेक्षा हळू कमी झाली. आपल्याकडची माणसं उठून दुसरीकडे का जात नाहीत, हा प्रश्न तिथेही आहे. काकाने टिपर २०१९ मध्ये भंगारात घातला. तो डिचोलीतच आहे. वही अजून कपाटात आहे, मागच्या कोऱ्या पानांवर आता काकी दुधाचा हिशेब लिहिते.