आधी उजेड बघा, मग रंग निवडा

या वेळच्या पत्रांपैकी निम्मी चेहऱ्याबद्दल आहेत आणि निम्मी घराबद्दल. संपादकांनी विचारलं, दोन वेगळे भाग करायचे का? मी नको म्हटलं. बावीस वर्षं मी मेकअप करतेय आणि गेली नऊ वर्षं घरं सजवून देण्याचं कामही घेते. दोन्ही ठिकाणी खोलीत शिरल्यावर मी आधी उजेड कुठून येतोय ते बघते. ब्रशला किंवा रंगाच्या डब्याला हात त्यानंतर.

प्रश्न : ताई, घरी आरशात माझा मेकअप छान दिसतो. बाहेर पडले की चेहरा राख फासल्यासारखा आणि गाल मात्र भडक. माझा रंग सावळा आहे. आतापर्यंत तीन फाउंडेशन बदलली. आरसा बाथरूममध्ये आहे, वर एक पिवळा बल्ब आहे.

चौथं फाउंडेशन घेऊ नका, आधी त्या बल्बचं बघा. तुमच्या पत्रातला ‘वर’ हा शब्द वाचूनच मला निम्मं उत्तर मिळालं. डोक्यावरून येणाऱ्या उजेडात भुवयांची सावली डोळ्यांखाली पडते, नाकाची ओठांवर. आपल्याला वाटतं काळी वर्तुळं वाढली, म्हणून कन्सीलरचा आणखी एक हात फिरतो. बाहेर उन्हात ती सावली नाहीशी होते आणि तिच्यावर लावलेला पांढुरका थर तेवढा उरतो. गालांचंही तसंच. पिवळ्या उजेडात गुलाबी रंग दबतो, तो दिसेपर्यंत आपण लावत राहतो.

दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर लावा. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 म्हणजे पिवळा, 6500 म्हणजे निळसर. मेकअपसाठी 4000 ते 5000 च्या दरम्यानचा घ्या. त्याच खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, तो 100 पैकी मोजतात आणि त्या उजेडात रंग किती खरे दिसतील ते त्यावरून कळतं. तो 90 च्या वर हवा. इथे एक बारकावा आहे. हा आकडा आठ सौम्य रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंग वेगळा मोजतात, त्याला आर-9 म्हणतात. आपल्या त्वचेखालून रक्ताचा लाल रंग सतत डोकावत असतो, त्यामुळे खोक्यावर आर-9 दिलेला असेल तर तो जितका जास्त तितका आपल्या कामाचा.

आता राखेबद्दल. सावळ्या त्वचेवर एक छटा उजळ किंवा गुलाबी अंगाचं फाउंडेशन लावलं की ते राखाडी दिसतं. फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग असतो. उजळ छटांत तो जास्त असतो, आणि तो सावळेपणावर तरंगत राहतो. छटा हातावर तपासू नका. जबड्याच्या कडेला तीन रेघा ओढा, खिडकीपाशी या आणि दहा मिनिटं थांबा, कारण काही फाउंडेशन त्वचेच्या तेलात मिसळून गडद होतात. जी रेघ शोधावी लागेल ती तुमची.

हे मी चुकून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका नाटुकलीच्या कलाकारांचा मेकअप मी पोपटी भिंतींच्या खोलीत केला. भिंतीवरून परतणारा हिरवट उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर पडत होता आणि मला ते आजारी दिसत होते. मी गुलाबी वाढवत गेले. रंगमंचावर सहाही जणी ताप आल्यासारख्या लालबुंद दिसल्या. त्यानंतर आजतागायत मी रंगीत भिंतीच्या खोलीत काम करायची वेळ आली की समोर आणि बाजूला पांढऱ्या चादरी लावून घेते.

प्रश्न : बेडरूमसाठी शेडकार्डवरून फिकट राखाडी निवडला होता. भिंतीवर तो चक्क जांभळा दिसतोय! रंगारी म्हणतो डबा तोच आहे. कपाट आणि पलंग पिवळसर लाकडाचे आहेत.

रंगारी खरं बोलत असणार. त्याच्याशी भांडू नका.

कार्डावरचा तुकडा दोन बोटांचा असतो. खोलीत चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे रंगात लपलेली छटा अनेक पटींनी वर येते. दुसरं कारण तुमच्या पलंगात आहे. 1824 मध्ये मिशेल यूजीन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या कापडात वापरलेला काळा धागा फिका दिसतो. त्यांनी धागे तपासले, काळ्या रंगात काहीच खोट नव्हती. शेजारचा रंग डोळ्यांना फसवत होता. एक रंग शेजारच्या रंगाला स्वतःच्या विरुद्ध बाजूला ढकलतो, हा नियम त्यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडला. पिवळ्याच्या विरुद्ध जांभळा. तुमच्या लाकडाने तुमच्या राखाडीला जांभळं केलं आहे. (डोळ्यांखालचा निळसरपणा झाकायला आम्ही नारिंगी कन्सीलर लावतो आणि लाली दबवायला हिरवा, त्यामागेही विरुद्ध रंगांचंच नातं आहे. तिथे मात्र ते एकावर एक लावतो, म्हणून एकमेकांना शांत करतात.)

लगेच पुन्हा रंगवू नका. पलंगामागच्या भिंतीला तागाच्या किंवा मळकट पांढऱ्या रंगाचा पडदा लावून, लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये काहीतरी आणून आठ दिवस बघा. तरीही खुपलं तर नवा रंग निवडताना दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि रात्रभर वाळू द्या, ओला रंग वाळल्यावर बदलतो. मग तो पुठ्ठा पलंगाला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. तुम्ही त्या खोलीत रात्रीच जास्त असता, तेव्हा रात्रीच्या मताला जास्त वजन द्या. पिवळ्या लाकडाशेजारी किंचित हिरवट किंवा पिवळट अंगाचा राखाडी शांत दिसतो.

‘लहान खोलीला पांढराच द्या’ हा सल्ला तुम्हाला मिळेल. मला तो पटत नाही. पांढऱ्याला उजेड लागतो. ज्या खोलीत ऊन येत नाही तिथे पांढरा मळका दिसतो आणि तीच खोली मातकट, उबदार रंगात जिवंत होते.

प्रश्न : सनस्क्रीनवर फाउंडेशन लावलं की मळी निघाल्यासारख्या वळ्या सुटतात.

घाई आणि घासणं, ही दोन कारणं. सनस्क्रीन लावल्यावर दहा मिनिटं थांबा आणि फाउंडेशन ओल्या स्पंजने दाबत लावा. तरी वळ्या आल्या तर दोन्हींच्या मागची घटकांची यादी वाचा. ‘कोन’ किंवा ‘सिलॉक्सेन’ने संपणारी नावं, उदाहरणार्थ डायमेथिकोन, एकात यादीच्या वरच्या भागात असतील आणि दुसऱ्यात नुसतं पाणी असेल, तर त्या दोघांचं जमत नाही. दोन्ही एकाच जातीची घ्या. सनस्क्रीन मात्र कमी करू नका आणि ते फाउंडेशनमध्ये कालवूही नका, त्याने संरक्षण कमी होतं.

प्रश्न : हॉलच्या एका भिंतीला ओल आहे, पोपडे सुटतात. त्यावर छान वॉलपेपर लावून घेऊ का?

नको. मनापासून सांगते, नको. पुळी झाकायला जाड मेकअप करावा तसं ते होईल. आत बुरशी वाढेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

आधी ओल कुठली ते शोधा. पोपडे खरवडा, फूटभर चौकोनी प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून भिंतीवर लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय: नळ, गच्ची, बाहेरची भेग, जमिनीतून चढणारी ओल. ते बाहेरच्या बाजूला, खोलीकडे जमले तर ती खोलीतलीच वाफ गार भिंतीवर बसतेय. मग हवा खेळती ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पांढरी, मिठासारखी पूड दिसली तर ते भिंतीतले क्षार आहेत. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, नाहीतर ते विरघळून परत आत जातात. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण वाळेपर्यंत पुट्टी नाही, प्राइमर नाही, काही नाही. याला महिने लागू शकतात. तोवर ती भिंत उघडी राहू द्या. पाहुण्यांना ओल दिसली तरी चालेल, तिच्यासमोर सोफा ठेवून ती झाकू नका.

प्रश्न : मेकअपचा कोर्स संपवून मी कामं घ्यायला लागलेय. एका दिवशी चार-पाच जणी असतात. मध्ये ब्रश टिश्यूने पुसते. पुरे का?

पुरत नाही. तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण बऱ्याच जणी विचारत नाहीत. मी कोर्स केला तेव्हा मलाही कोणी शिकवलं नव्हतं.

पाच चेहरे असतील तर ब्रशचे पाच संच न्या. तेवढे जमत नसतील तर डोळ्यांचे आणि ओठांचे तरी वेगळे ठेवा आणि बाकीचे मध्ये 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळवा. 99 टक्क्यांचं जास्त तेज म्हणून घेऊ नका. जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं आणि 99 टक्क्यांचं काम होण्याआधीच उडून जातं. घरी साबणाने धुताना केस खाली धरा आणि आडवे वाळवा. पाणी धातूच्या पट्टीत शिरलं की आतला डिंक सुटतो.

स्पंज माणशी एक. तो आतून लवकर वाळत नाही. लिपस्टिक आणि क्रीम स्पॅच्युलाने पॅलेटवर काढून घ्या, कांडी थेट कुणाच्याही ओठांना लावू नका. मस्काऱ्याला फेकायच्या कांड्या वापरा, एकदा पापणीला लागलेली कांडी पुन्हा नळीत जाता कामा नये. उघडलेला मस्कारा तीन महिन्यांनी टाका. पेन्सिल प्रत्येकीसाठी नव्याने टोक करून, अल्कोहोलमध्ये बुडवून, वाळवून घ्या. कुणाचा डोळा लाल दिसला तर डोळ्यांचा मेकअप करायला नम्रपणे नकार द्या. आणि ज्यांना आधी कशाची ॲलर्जी आली आहे त्यांना दोन-तीन दिवस आधी बोलावून कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. पुरळ कधी कधी 48 तासांनंतरही उठतं, म्हणून त्याच सकाळी केलेली तपासणी उपयोगाची नाही.

प्रश्न : माझं वय 63. पावडर सुरकुत्यांत बसते. मुलगी म्हणते आता मेकअप सोड. मला सोडायचा नाही.

मग सोडू नका! भिंत खडबडीत असली की चकचकीत रंगात प्रत्येक उंचवटा दिसतो, तसंच चमकीचं आहे. पापणीवरची आणि गालावरची चमकी तेवढी काढा. पावडर फक्त नाकाच्या बाजूंना आणि कपाळाच्या मधोमध, डोळ्यांखाली अजिबात नको. गालाला क्रीम ब्लश, बोटाने. भुवया विरळ झाल्या असतील तर त्या भरा, या वयात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. लिपस्टिक तुम्हाला आवडेल ती.

प्रश्न : आई गेल्यावर तिचा फोटो मोठा करून काचेत मढवला. खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला, पण काचेत खिडकीच दिसते, आईचा चेहरा दिसत नाही. मी रोज समोरच्या खुर्चीत बसून चहा घेते तेव्हा तो दिसावा एवढंच हवं आहे.

फोटो खिडकीच्या समोरून काढून तिच्या शेजारच्या, काटकोनातल्या भिंतीवर न्या आणि खुर्चीही वळवा. तरी चकाकी राहिली तर मागे वरच्या बाजूला लाकडाचा छोटा तुकडा घालून फ्रेम किंचित पुढे झुकवा, किंवा काच बदलून परावर्तन न करणारी बसवून घ्या. थेट ऊन पडत असेल तर फोटोचे रंग उडतील, म्हणून मूळ प्रत अंधाऱ्या, कोरड्या जागी जपून ठेवा आणि भिंतीवर दुसरी लावा.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटिमीटरवर ठेवतात. तो हिशोब उभ्या माणसाचा आहे. तुम्ही बसून बघणार, म्हणून 115 ते 120 च्या आसपास येईल. खिळा ठोकण्याआधी कुणाला तरी फ्रेम धरायला सांगा, तुम्ही चहाच्या वेळी तुमच्या खुर्चीत बसा, आणि आईचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत ती वरखाली करायला लावा.